‘फायली कॉम्प्रेस करून पाठव’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत संगणकावर संगीत तयार करण्याविषयीचा लेख वाचला. एक संगणक, एक माइक आणि हेडफोन एवढ्या सामानावर आज चांगलं गाणं उभं राहू शकतं, हे लेखकाने मनापासून सांगितलं आहे आणि ते खरंही आहे. ज्यांच्यासाठी स्टुडिओचं दार कधी उघडलं नसतं, अशी कितीतरी मुलंमुली आज काम करताहेत, याचा मला फार आनंद आहे. पण लेखातले काही शब्द जसे वापरले गेले आहेत, त्यावरून एखादा नवशिका आपलं काम कायमचं गमावू शकतो. मी ३१ वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम करते आहे, सुरुवातीची काही वर्षं टेपवर आणि पुढे संगणकावर. शब्दाचा अर्थ चुकल्यामुळे झालेलं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून हे पत्र.

लेखात एक वाक्य आहे : ‘गाणं तयार झालं की सगळ्या फायली कॉम्प्रेस करून मिक्सिंग करणाऱ्याला पाठवा.’ नेमकं हेच वाक्य दोन वर्षांपूर्वी एका मुलाला कोणीतरी सांगितलं होतं. त्याने आणि त्याच्या मैत्रिणीने सहा गाणी केली होती. ती व्हायोलिन वाजवायची, तो गायचा, बाकीची वाद्यं त्याने संगणकावर रचली होती. प्रत्येक गाण्यात वीस-बावीस ट्रॅक, म्हणजे एकेका आवाजाच्या स्वतंत्र पट्ट्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची एका ट्रॅकची चार मिनिटांची वेव्ह फाइल साधारण ३५ एमबीची होते. सहा गाण्यांचे मिळून साडेचार जीबी झाले. ‘कॉम्प्रेस करून पाठव’ म्हणणाऱ्याच्या मनात झिप होतं. मुलाने मात्र एकेक ट्रॅक १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १ लाख २८ हजार बिटच्या, एमपीथ्रीत बदलला. सगळं अर्ध्या जीबीत बसलं. काम झालं म्हणून, आणि संगणकावर जागा उरली नव्हती म्हणून, त्याने मूळ वेव्ह फायली पुसून टाकल्या. मिक्सिंगला, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवायला, त्या फायली माझ्याकडे आल्या तेव्हा व्हायोलिनच्या गजाची खरखर, स्वराच्या कडेला असणारी ती हवा, सगळं विरलेलं होतं. झांजेसारख्या आवाजांना पाण्यातून आल्यासारखी लहर आली होती. मैत्रीण तोवर शिकायला दुसऱ्या देशात गेली होती. मी त्या मुलाला फोनवर हे सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

चूक त्याची नव्हती. ‘कॉम्प्रेस’ हा एक शब्द आमच्या कामात तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि तीनही गोष्टी एकाच दिवशी, एकाच खोलीत, एकाच माणसाच्या तोंडी येऊ शकतात.

पहिली गोष्ट झिपची. फायलींचं गाठोडं बांधायचं आणि पलीकडच्याने ते सोडायचं. आतलं एक अक्षरही बदलत नाही. मात्र ध्वनीच्या फायली झिपमध्ये फारशा लहान होत नाहीत; तिथे उपयोग गाठोड्याचाच. आकार खरोखर कमी करायचा आणि काहीही गमवायचं नसेल, तर फ्लॅक नावाचा फाइलप्रकार २००१पासून फुकट उपलब्ध आहे. फ्लॅकची पुन्हा वेव्ह केली तर मूळचा प्रत्येक बिट जसाच्या तसा परत मिळतो.

दुसरी गोष्ट एमपीथ्रीची. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेलं हे तंत्र मानवी कानाच्या एका सवयीवर उभं आहे. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही, तो झाकला जातो. मग जे ऐकूच येणार नाही ते साठवायचं कशाला, असा विचार करून ते वगळलं जातं. सीडीच्या ध्वनीला सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट लागतात. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत त्याचा अकरावा हिस्सा उरतो. पूर्ण झालेलं गाणं फोनवर ऐकायला हे तंत्र अप्रतिम आहे. पण मिक्सिंगच्या आधी एकेका ट्रॅकवर ते वापरलं, की घोटाळा होतो. एकट्या व्हायोलिनमध्ये ‘झाकलं गेलं’ म्हणून जे वगळलं, ते मिक्सिंगमध्ये मी वर आणू पाहते, आणि तिथे हाताला काहीच लागत नाही. गेलेलं परत येत नाही. त्या एमपीथ्रीची पुन्हा वेव्ह केली तर फाइल मोठी होते, आवाज तोच राहतो.

तिसरी गोष्ट कॉम्प्रेसर. याचा फाइलच्या आकाराशी काडीचाही संबंध नाही. गाणारा एका ओळीत कुजबुजतो आणि पुढच्या ओळीत खुल्या गळ्याने गातो. त्या दोन्हींतलं अंतर कॉम्प्रेसर कमी करतो. त्याला आधी एक रेषा आखून द्यायची, तिला थ्रेशोल्ड म्हणतात. आवाज रेषेच्या खाली असेपर्यंत तो हात लावत नाही. वर गेला की ठरवलेल्या प्रमाणात दाबतो. रेशो ४ : १ असेल, तर रेषेच्या वर १२ डेसिबल गेलेला आवाज ३ डेसिबलवर येतो. किती चटकन दाबायचं तो अटॅक, किती वेळाने सोडायचं तो रिलीज. तबल्यावर अटॅक एक मिलिसेकंदाचा ठेवून पाहा, बोटाचा टणत्कारच गिळला जातो आणि नुसता गुंजारव उरतो. तोच वीस-तीस मिलिसेकंदांवर नेला, तर थाप आधी निसटून पुढे जाते, मग मागचं दाबलं जातं, आणि तबला समोर येऊन बसल्यासारखा वाटतो. यंत्र तेच, खुंटीही तीच, फरक फक्त काही हजारांश सेकंदांचा. हे मी शिकायला येणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात ऐकवते. ज्याच्या कानाला तो फरक एकदा पकडता आला, त्याला कॉम्प्रेसर पुन्हा शिकवावा लागत नाही.

‘सॅम्पल’ या शब्दाचीही अशीच गत आहे. लेखात म्हटलं आहे की सॅम्पल रेट वाढवला म्हणजे सॅम्पल जास्त सुरेख वाजतात. यात दोन सॅम्पल एकमेकांत मिसळले आहेत.

सॅम्पल रेटमधलं सॅम्पल म्हणजे मोजमाप. माइकमधून येणारा विजेचा दाब दर सेकंदाला हजारो वेळा मोजायचा आणि आकडा लिहून ठेवायचा. सीडीसाठी हा वेग सेकंदाला ४४,१०० ठरला. हा अवघड आकडा आला कुठून, हे मला विद्यार्थी नेहमी विचारतात. सुरुवातीच्या काळात डिजिटल ध्वनी साठवायला व्हिडिओ टेप वापरायचे. सेकंदाला ६० फील्ड (म्हणजे चित्राच्या अर्ध्या चौकटी), प्रत्येक फील्डमध्ये वापरता येतील अशा २४५ ओळी, प्रत्येक ओळीत ३ मोजमापं : गुणाकार करा, ४४,१००. ज्या देशांत ५० फील्डची पद्धत होती तिथे २९४ ओळी धरल्या की तोच आकडा येतो. आकड्याचं दुसरं टोक कानात आहे. निरोगी तरुण कानाला साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली जे मांडलं त्यानुसार, जेवढी कंप्रता पकडायची तिच्या दुपटीहून जास्त वेगाने मोजमापं घेतली, तर मूळ लहर पूर्णपणे परत उभी करता येते. ४४,१०० म्हणजे २०,०००च्या दुपटीहून थोडं जास्त. ते थोडं जास्त गाळणीसाठी लागतं. वेगाच्या निम्म्यापेक्षा वरची कंप्रता आत शिरली, तर ती खोट्या, खालच्या कंप्रतेचं सोंग घेऊन येते. पडद्यावर धावत्या गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तोच प्रकार. त्याला एलियासिंग म्हणतात. म्हणून मोजण्याआधीच ती वरची कंप्रता गाळून टाकतात.

लेखासोबतच्या चित्रात डिजिटल ध्वनी जिन्याच्या पायऱ्यांसारखा दाखवला आहे आणि सॅम्पल रेट वाढला की पायऱ्या लहान होतात, असं लिहिलं आहे. हे चित्र पुष्कळ ठिकाणी दिसतं आणि ते चुकीचं आहे. मोजमापं हे नुसते ठिपके असतात. बाहेर पडताना त्या ठिपक्यांतून जाणारी लहर सलग, गुळगुळीत असते, कारण वेगाच्या निम्म्याखालच्या कंप्रतांत त्या ठिपक्यांतून जाणारी लहर एकच असू शकते. त्यामुळे ९६ किलोहर्ट्झवर मुद्रण केलं तर आवाज ‘दुप्पट स्पष्ट’ होत नाही. कानापलीकडची कंप्रता साठवली जाते आणि फाइल दुप्पट होते. काही कामांत त्याचा उपयोग आहे, उदाहरणार्थ आवाज खूप संथ करून वापरायचा असेल तर. नव्याने शिकणाऱ्याने ४४.१ किंवा ४८ निवडावं आणि गाणं संपेपर्यंत ते बदलू नये. चित्रफितीसाठी काम असेल तर ४८.

दुसरं सॅम्पल म्हणजे ध्वनीचा तुकडा. पियानोचा एक स्वर, एखादी थाप, जुन्या ध्वनिमुद्रणातली दोन सेकंदं. तो तुकडा कळफलकावर वेगवेगळ्या स्वरांत वाजवता येतो. ऑस्ट्रेलियात पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी १९७९मध्ये आणलेल्या फेअरलाइट यंत्राने हे डिजिटल रूपात संगीतकारांच्या हाती दिलं. या सॅम्पलबद्दल लेखात एक गोष्ट यायला हवी होती. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातला तुकडा वापरायचा तर परवानगी दोन ठिकाणची लागते : ते मुद्रण ज्याच्या मालकीचं आहे त्याची, आणि मूळ रचना ज्याची आहे त्याची. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असं होत नाही. ‘इतक्या सेकंदांपर्यंत चालतं’ ही समजूत पोरांमध्ये फार घट्ट बसली आहे. असा सरसकट नियम नाही.

आता बिट डेप्थ, म्हणजे प्रत्येक मोजमाप किती बारकाईने लिहिलं जातं ते. इथे मला माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे. टेपवर काम करताना आम्ही लेव्हल जरा चढीच ठेवायचो, कारण खाली टेपची सरसर असायची. काटा लाल पट्ट्यात गेला तरी टेप तो आवाज हळुवार दाबून घ्यायची. त्या दाबाने आवाजाला एक ऊबसुद्धा यायची. तीच सवय घेऊन मी संगणकाकडे गेले. एका ज्येष्ठ गायिकेचं मुद्रण होतं. तालमीत त्या मध्य सप्तकात गायल्या, मी त्यावर गेन, म्हणजे माइकमधून येणारा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, बांधला. प्रत्यक्ष टेकमध्ये त्यांनी तार षड्जावर जो आवाज लावला, तो मी त्याआधी आणि त्यानंतर कुणाकडूनही ऐकलेला नाही. आणि त्या प्रत्येक स्वराचा माथा सपाट कापला गेला. डिजिटलमध्ये ० डीबीएफएस (छतापासून खाली मोजायचे डेसिबल) हे छत आहे. छताच्या वरचा आकडाच अस्तित्वात नसतो, त्यामुळे लहर तिथे डोकं आपटते आणि कर्कश तडतडते. याला क्लिपिंग म्हणतात. त्यांनी पुन्हा गायलं, चांगलं गायलं, पण ते दुसरं गाणं होतं. कापलेला टेक मी अजून जपून ठेवला आहे आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

१६ बिटमध्ये प्रत्येक मोजमापाला ६५,५३६ पायऱ्या मिळतात, २४ बिटमध्ये १ कोटी ६७ लाखांहून जास्त. प्रत्येक बिटमागे साधारण ६ डेसिबल धरले, तर सर्वांत मोठा आवाज आणि तळाची सरसर यांतलं अंतर १६ बिटला ९६ डेसिबल आणि २४ बिटला १४४ डेसिबल येतं. बिट वाढल्याने छत वर जात नाही, तळ खाली जातो. म्हणजे आता लेव्हल चढी ठेवायची गरजच उरली नाही. २४ बिटवर मुद्रण करताना सर्वांत मोठा स्वर उणे १२ डीबीएफएसच्या आसपास राहील असा गेन ठेवला, तरी हाताशी १३२ डेसिबल उरतात; खोलीची आणि माइकची स्वतःची सरसर त्याच्या कितीतरी वर असते. जो वाचक आज रात्री हेडफोन लावून बसणार आहे, त्याने या पत्रातला उणे १२ हा एकच आकडा लक्षात ठेवला तरी चालेल. आणि गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, हेही. गेन माइकच्या दाराशी असतो, तिथे कापलेलं पुढे कुठेही जोडता येत नाही. व्हॉल्यूमचा फेडर नंतर येतो, तो हजारदा हलवा.

लेखातल्या ज्या वाक्याने मला सर्वांत अस्वस्थ केलं ते मिडीबद्दलचं आहे. ‘मिडी हा कमी दर्जाचा ऑडिओ असतो,’ असं तिथे लिहिलं आहे. मिडी हा ऑडिओ नाहीच. त्यात आवाज नसतो. आपल्याकडे स्वरलिपीची वही असते, तिला कान लावला तर काही ऐकू येत नाही. कोणीतरी ती वाचून वाजवावं लागतं. मिडी ही तशी वही आहे. कोणती पट्टी दाबली, कधी दाबली, किती वेगाने दाबली, कधी सोडली, मुख्यतः एवढंच ती नोंदवते. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत, कळफलकाच्या मधल्या सी या स्वराला ६०. दाबण्याच्या वेगाला व्हेलॉसिटी म्हणतात, तीही १२७पर्यंत. ही नोंद वाचून वाजवणारं वाद्य संगणकात असतं, आणि आवाज हलका वाटला तर दोष त्या वाद्याचा. तीच वही चांगल्या वाद्यापुढे ठेवा, गाणं बदलून जातं. जपानचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या कंपन्यांनी ही समान भाषा मान्य केली, आणि जानेवारी १९८३मध्ये दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर केबलने जोडून एकमेकांशी बोलताना लोकांनी पाहिले. चाळीस वर्षांहून जास्त काळ ती भाषा टिकली आहे. संगणकाच्या जगात एवढं आयुष्य फार थोड्या गोष्टींना लाभलं. तिला ‘कमी दर्जाचा ऑडिओ’ म्हटलेलं वाचून मला खरोखर वाईट वाटलं.

मिडीला मर्यादा आहेत, आणि त्या आपल्या संगीताला जास्त जाणवतात. पट्टी म्हणजे एक ठरलेला स्वर; दोन स्वरांमधली मींड तिथे नाही. त्यासाठी पिच बेंड नावाची वेगळी सोय आहे. तिच्यात १६,३८४ पायऱ्या असतात, म्हणजे बारकाव्याला तोटा नाही. पण बहुतेक वाद्यांत ती मुळात वर दोन आणि खाली दोन अर्धस्वरांपुरतीच ठेवलेली असते. षड्जावरून पंचमापर्यंतची मींड घ्यायला गेलं की मध्येच अडकते, आणि नवशिक्याला वाटतं, संगणकात मींड होतच नाही. वाद्याच्या सेटिंगमध्ये बेंड रेंज १२ करून पाहावी. बेंड पूर्ण चॅनलला लागू होत असल्यामुळे एका वेळी वाजणारे सगळे स्वर एकत्र वाकतात, ही दुसरी अडचण. प्रत्येक स्वराला स्वतंत्र चॅनल देणारी एमपीई ही पद्धत २०१८मध्ये मान्य झाली, त्यामुळे तीही सुटली आहे.

मिडीशी जोडून येणारा शब्द क्वांटाइझ. वाजवलेले स्वर ओढून मात्रेच्या रेघेवर नेमके बसवणं. १२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० मात्रांच्या वेगाला, एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, तिचा चौथा हिस्सा १२५ मिलिसेकंदांचा. वाजवणाऱ्याचा हात त्या रेघेच्या दहा-पंधरा मिलिसेकंद अलीकडे-पलीकडे पडतो, आणि लयीतली सगळी गंमत त्या अलीकडे-पलीकडेत असते. माझं स्पष्ट मत आहे की शंभर टक्के क्वांटाइझ हा शेवटचा उपाय असावा. बहुतेक डीएडब्ल्यूंमध्ये, म्हणजे आपण ज्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्रण आणि संपादन करतो त्यात, क्वांटाइझची टक्केवारी ठरवता येते. चाळीस-पन्नास टक्क्यांवर थांबावं, ऐकावं, आणि मग लागलं तर पुढे जावं.

लेटन्सीबद्दल थोडक्यात, कारण लेखात तिचा उल्लेखच नाही आणि घरी मुद्रण करणाऱ्याला पहिला त्रास तिचाच होतो. गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किंचित उशिरा येतो आणि त्याची लय मोडते. संगणक ध्वनी थेंबाथेंबाने घेत नाही, बादली भरली की उचलतो. ती बादली म्हणजे बफर. ४४.१ किलोहर्ट्झवर १,०२४ सॅम्पलचा बफर भरायला २३ मिलिसेकंद लागतात, १२८चा ३ मिलिसेकंदांत भरतो. शिवाय आवाज आत येताना आणि बाहेर जाताना, असा दोनदा हा वेळ जातो. दोन्ही मिळून झालेल्या ४६ मिलिसेकंदांत ध्वनी हवेतून जवळपास १६ मीटर जातो. म्हणजे गाणाऱ्याला त्याचाच आवाज एकीकडे गळ्यातून आणि दुसरीकडे सोळा मीटरांवरून ऐकू येतो! मुद्रणाच्या वेळी बफर लहान, मिक्सिंगच्या वेळी मोठा. कितीतरी जण ‘माझी लयच कच्ची आहे’ असं समजून गाणं सोडून देतात. आधी बफर पाहा.

ट्रॅक आणि स्टेम यांतला गोंधळही निस्तरायला हवा. ट्रॅक म्हणजे एकेका आवाजाची स्वतंत्र पट्टी. स्टेम म्हणजे गट : सगळं तालवाद्य एकत्र, सगळे कोरस एकत्र. मिक्सिंगला ट्रॅक लागतात. कोणी ‘स्टेम पाठव’ म्हटलं तर नेमकं काय हवं आहे ते विचारून घ्यावं, कारण कामातले जाणतेही हे शब्द सैल वापरतात. ‘ट्रॅकवर गाणं’ यातला ट्रॅक, म्हणजे गायकाशिवायचं तयार संगीत, हा आणखी तिसरा.

ऑटोट्यून हा शब्द तर झेरॉक्ससारखा झाला आहे. ते एका विशिष्ट सॉफ्टवेअरचं नाव आहे, १९९७मध्ये आलेल्या. ते लिहिणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीत सोडलेल्या ध्वनिलहरींचा अभ्यास करत, आणि तेच गणित त्यांनी गळ्याच्या स्वराला लावलं. स्वर दुरुस्त करणारी साधनं आज अनेक आहेत. ती वापरली म्हणून गायक खोटा ठरत नाही, जसं लेखात सुचवलं आहे; एखाद-दुसरा स्वर सावरणं आणि सबंध गळा यंत्रावर सोपवणं यांत पुष्कळ अंतर आहे.

लेखात ‘हाय फ्रिक्वेन्सी म्हणजे मोठा आवाज’ असंही एका ठिकाणी आलं आहे. मराठीत या दोन गोष्टींना शाळेच्या पुस्तकापासून वेगळे शब्द आहेत : तारता आणि तीव्रता. बोलतानाही आपण चढा स्वर आणि मोठा आवाज असा फरक करतो. डासाची गुणगुण चढी असते, मोठी नसते. ढगांचा गडगडाट मोठा असतो, चढा नसतो. इतका नेमका फरक भाषेत तयार असताना तो पुसू नये.

मास्टरिंगबद्दल लिहिलं आहे की ‘शेवटी गाण्याचा आवाज मोठा करणं म्हणजे मास्टरिंग’. मिक्सिंगमध्ये ट्रॅकचं आपसातलं नातं ठरतं : कोण पुढे, कोण मागे, कोण डावीकडे. मास्टरिंगला हाती येते ती दोनच बाजूंची, डावी-उजवी, पूर्ण झालेली फाइल. ती वेगवेगळ्या स्पीकरवर, गाडीत, फोनवर नीट पोहोचते का, गाण्यांच्या संचात एकापाठोपाठ एक शोभतात का, हे पाहणं हे ते काम. मोठेपणा हा त्यातला एक भाग. एकेकाळी तोच मुख्य झाला होता, कारण एक गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा डेसिबलभर मोठं वाजलं तरी कानाला ते सरस वाटतं. मग प्रत्येकाने आपलं गाणं दाबून दाबून छताला टेकवलं. हळू ओळ आणि खुली ओळ एकाच उंचीची झाली, श्वास घ्यायला जागा राहिली नाही. कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याची पद्धत २००६मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने प्रसिद्ध केली. तिचं एकक एलयूएफएस. युरोपच्या प्रसारकांनी २०१०मध्ये त्यावरून उणे २३ ही पातळी ठरवली. आता गाणी ऐकवणाऱ्या मोठ्या सेवाही सगळी गाणी एका पातळीवर आणूनच वाजवतात, स्पॉटिफाय मुळात उणे १४च्या आसपास. उणे ८ला ठोकून बसवलेलं गाणं तिथे सहा डेसिबल खाली ओढलं जातं. मोठेपणाचा फायदा जातो, चेचलेला आवाज तेवढा उरतो. म्हणून दोन मिक्सची तुलना करायची तर आधी दोन्हींचा आवाज समान करावा. नाहीतर कान मोठ्याच्याच बाजूने कौल देतो.

मी या सगळ्या शब्दांना मराठी प्रतिशब्द मागत नाही. सॅम्पलला ‘नमुना’ म्हटलं तर वरचा घोळ जसाच्या तसा राहील. कामाच्या खोलीत जे शब्द बोलले जातात तेच छापावेत, पण ते पहिल्यांदा येतील तेव्हा कोणत्या अर्थाने आले आहेत हे एका साध्या मराठी वाक्यात सांगावं, एवढी माझी विनंती आहे. जागेअभावी हे पत्र कापावं लागेल याची कल्पना आहे. लेटन्सी कापा, ऑटोट्यून कापा. कॉम्प्रेसचे तीन अर्थ मात्र कृपया ठेवा, आणि येत्या पुरवणीत त्या एका वाक्याची दुरुस्ती छापा. मी सुचवते : ‘मिक्सिंगसाठी प्रत्येक ट्रॅकची मूळ वेव्ह फाइल पाठवा. पाठवताना झिप करा. एमपीथ्री करू नका. मूळ फायली दोन ठिकाणी जपून ठेवा.’

त्या मुलाने पुढच्या वर्षी सहापैकी चार गाणी नव्याने केली. व्हायोलिन त्याच्या मैत्रिणीने तिकडून वाजवून पाठवलं. फायलींबरोबर एक छोटा मजकूर होता, तो मी उतरवून देते : ‘वेग ९२ बीपीएम. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह. सगळे ट्रॅक पहिल्या ठोक्यापासून सुरू, आधी दोन मात्रा रिकाम्या. कुठेही कॉम्प्रेसर लावलेला नाही. सर्वांत मोठा स्वर उणे ११. झिप केलंय, फक्त झिप.’

आपली नियमित वाचक,
एक ध्वनिमुद्रक